ओआहूच्या किनाऱ्यावरील लाटांची शाळा



पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं हवाई बेटांचा समूह आहे. त्यांपैकीं ओआहू या बेटावर होनोलुलू हें राजधानीचें शहर वसलेलें आहे. नकाशावर बोट ठेवून पाहिल्यास असें आढळून येईल कीं, विदर्भांतील नागपूर आणि पॅसिफिकमधील होनोलुलू हीं दोन शहरें जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे २१ अंश उत्तरेस आहेत. ऊन दोघांच्या वांट्याला सारखेंच. परंतु एकाला समुद्र शेंकडों मैलांवर, तर दुसऱ्याच्या उंबरठ्याशीं. ओआहूचें क्षेत्रफळ सुमारें १,५५० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रांतील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढें आहे. एवढ्याशा भूमीला निरनिराळ्या स्वभावाचे इतके किनारे लाभले आहेत कीं, लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभ्यानें स्वार होण्याचा जो सर्फिंग नांवाचा खेळ, त्याची बिगरीपासून पदवीपर्यंतची शाळाच तेथें भरलेली आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

डिसेंबर महिन्यांतील एखादी सकाळ घ्यावी. बेटाच्या दक्षिण अंगाला वायकीकीच्या किनाऱ्यावर सात-आठ वर्षांचीं मुलें कमरेइतक्या लाटांवर फळ्या घेऊन हंसत-खिदळत असतात. त्याच घटकेस, मोटारीनें तास-सव्वा तासाच्या अंतरावर, उत्तर किनाऱ्यावर दुमजली घरासारख्या लाटा कोसळत असतात आणि पट्टीचे पोहणारेही वाळूवर उभे राहून, आज उतरावें कीं न उतरावें, याचा विचार करीत असतात. बेट एक, समुद्र एक, दिवसही एकच. असें असतां एका ठिकाणीं जो खेळ, तोच दुसऱ्या ठिकाणीं मृत्यूशीं सामना कां ठरावा? आणि नवशिक्यानें, मध्यम तयारीच्या माणसानें व निष्णातानें आपापला किनारा कसा निवडावा? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

हा खेळ हवाईच्या लोकांचा परंपरागत खेळ होय. त्यांच्या भाषेंत त्याला 'हेए नालू' असें म्हणतात. 'नालू' म्हणजे लाट आणि 'हेए' म्हणजे घसरणें. कॅप्टन कुक १७७८ सालीं या बेटांवर पोंचला, तेव्हां राजे, सरदार, सामान्य प्रजा, स्त्रिया व मुलें असे सर्वच लोक लाटांवर खेळत असत. कुकच्या मृत्यूनंतर त्याचा सहकारी लेफ्टनंट जेम्स किंग यानें १७७९ सालीं या खेळाचें वर्णन लिहून ठेवलें. त्या काळीं 'आलाया' नांवाची पातळ व आंखूड फळी सामान्यांची असे, तर 'ओलो' नांवाची चौदा-सोळा फूट लांबीची जड फळी सरदारांना शोभे. पुढें एकोणिसाव्या शतकांत बाहेरून आलेल्या रोगांच्या सांथींनीं तेथील प्रजा झपाट्यानें घटली, जुन्या चालीरीतींना ओहोटी लागली आणि हा खेळही मागें पडला. विसाव्या शतकाच्या आरंभीं वायकीकीच्या किनाऱ्यावरच त्याचें पुनरुज्जीवन झालें. १९१२ सालीं स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारा ड्यूक काहानामोकू हा वायकीकीचाच तरुण. त्यानेंच ही विद्या ऑस्ट्रेलियापर्यंत नेऊन लोकांना प्रत्यक्ष करून दाखविली.

किनारा निवडावयाचा तर लाट म्हणजे काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. किनाऱ्यावर जी लाट फुटतांना दिसते, ती बहुधा तेथें जन्मलेली नसते. हजारों मैलांवर समुद्रांत वादळ होतें, वारा पाण्याला घुसळतो आणि त्यांतून निघालेल्या लांबच लांब लाटा दिवसचे दिवस प्रवास करीत येतात. वॉल्टर मंक या शास्त्रज्ञानें १९६३ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठिकठिकाणीं मापनकेंद्रें ठेवून दक्षिण महासागरांतील वादळांच्या लाटांचा माग काढला, तेव्हां त्या संबंध पॅसिफिक ओलांडून जातात असें दिसून आलें. हवाई बेटें महासागराच्या तळापासून एकदम वर आलेलीं असल्यामुळें त्यांच्याभोंवतीं उथळ पाण्याचा रुंद पट्टा नाहीं. म्हणून दूरवरून आलेल्या लाटेचें बळ वाटेंत खर्ची न पडतां ती जशीच्या तशी किनाऱ्याशीं येऊन ठेपते.

यावरून ऋतूचा नियम आपोआप उलगडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत उत्तर पॅसिफिकमध्यें मोठीं वादळें होतात व त्यांच्या लाटा ओआहूच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यांवर आदळतात. उलट मे ते सप्टेंबर या काळांत दक्षिण गोलार्धांत हिंवाळा असतो व तेथील वादळांच्या लाटा दक्षिण किनाऱ्यावर येतात. मात्र फार दूरचा प्रवास झाल्यामुळें त्या पुष्कळ सौम्य झालेल्या असतात. म्हणूनच हिंवाळ्यांत ज्या उत्तर किनाऱ्याकडे पाहून छाती दडपते, तोच उन्हाळ्यांत तळ्यासारखा निवांत पडलेला असतो. आपल्या कोंकणांतील कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यांतील शहाणपण हेंच होय. समुद्राचा स्वभाव नुसतें ठिकाण पाहून कळत नाहीं. ठिकाणाबरोबर महिनाही विचारावा लागतो.

ऋतूच्या खालोखाल महत्त्वाचा तो समुद्राचा तळ. लाटेच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट खोलीच्या पाण्यांत ती आली, म्हणजे तिचा पाय अडखळतो आणि माथा पुढें कोसळतो. तळाचा उतार लांब व सावकाश असेल, तर लाट वरून फेंस ओघळत हळूहळू विरत जाते. खोल पाण्यांतून तळ एकदम वर आला, तर तीच लाट कमान टाकून घणासारखी आदळते. वाऱ्याचाही विचार करावयाचा असतो. हवाईकडे वर्षांतील बहुतेक दिवस ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. वायकीकीला ते जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्यामुळें लाटेचा चेहरा स्वच्छ व नीट उभा राहतो. पूर्व किनाऱ्यावर ते समुद्राकडून येत असल्यामुळें पाणी विस्कटून टाकतात.

आतां या शाळेच्या इयत्ता पाहूं. पहिली इयत्ता वायकीकीची. येथें किनाऱ्यापासून दूरवर पाणी उथळ असून लाटा लांबून, सावकाश व एकसारख्या येतात. फळीवर उभें राहण्यास नवशिक्याला चार-पांच क्षण हवे असतात; ते येथील लाट देते. पडलें तरी लाट दाबून धरीत नाहीं. शिकविणाऱ्यांची परंपराही येथें शंभर वर्षांहून जुनी आहे. तथापि येथेंही कांहीं गोष्टी जाणून असाव्यात. वाळूच्या जोडीला तळाशीं प्रवाळाचे खडक असल्यामुळें पडतांना सूर न मारतां सपाट पडावें. एरवीं पायांस व डोक्यास इजा होते. पौर्णिमेनंतर साधारण आठ ते दहा दिवसांनीं, म्हणजे वद्य अष्टमी ते दशमीच्या सुमारास, या दक्षिण किनाऱ्यावर दंश करणाऱ्या चौकोनी जेलीफिशांचे थवे येतात; पंचांग पाहण्याची संवय येथें अशी उपयोगी पडते. आणि गर्दीमुळें होणारे अपघात लाटेमुळें होणाऱ्या अपघातांहून कमी नसतात. फुटत्या भागाच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याचा त्या लाटेवर पहिला हक्क, हा अलिखित कायदा पहिल्याच दिवशीं शिकावा लागतो.

पहिल्या इयत्तेंतून दुसरींत केव्हां जावें? फळीवर उभें राहतां आलें म्हणजे झालें, असें पुष्कळांना वाटतें. परंतु ती परीक्षा खरी नव्हे. फळी हातची गेली असतां केवळ पोहून किनाऱ्यास येतां आलें पाहिजे. न फुटलेल्या लाटेच्या अंगावरून डावीकडे किंवा उजवीकडे फळी वळवितां आली पाहिजे. फुटत्या लाटेच्या खालून पार होतां आलें पाहिजे आणि दुसऱ्यावर फळी न आदळेल अशा रीतीनें ती आवरतां आली पाहिजे. या चार गोष्टी साधल्या, म्हणजे मधल्या इयत्तांचे किनारे खुले होतात.

उत्तर किनाऱ्यावर हालेइवा गांवाजवळ पुआएना नांवाचें एक टोंक आहे. तेथील लाट आडोशाला असल्यामुळें मवाळ असते. तेथून पुढें 'चन्स रीफ' म्हणून ठिकाण आहे. समुद्र बेताचा असतां तेथेंही मध्यम तयारीच्या माणसाला चांगला सराव होतो. पश्चिम किनाऱ्यावरील माकाहाची लाट लांब व डौलदार आहे. १९५४ सालापासून तेथें आंतरराष्ट्रीय सामने भरूं लागले. रेल सन या माकाहाच्या सुप्रसिद्ध स्त्री-खेळाडूनें आपल्या गांवच्या मुलांसाठीं तेथेंच दरवर्षीं सामने भरविण्याचा परिपाठ घातला होता. परंतु ज्या माकाहाला लहान मुलें खेळतात, त्याच माकाहाला हिंवाळ्यांत प्रचंड लाटा येतात. शिवाय वाळूचा चढ उभा असल्यामुळें किनाऱ्यावर आदळलेलें पाणी उलट फिरून येणाऱ्या लाटेला धडक देतें. सारांश, मधल्या इयत्तेचा किनारा कायमचा मधल्या इयत्तेचा राहत नाहीं. सकाळीं दुसरीचा असलेला वर्ग दुपारीं सातवीचा होऊं शकतो.

येथें मापाविषयींची एक सूचना अवश्य ध्यानांत ठेवावी. हवाईकडील जुने लोक लाटेची उंची तिच्या पाठीकडून मोजतात. समोरून पाहतां ती जवळजवळ दुप्पट भरते. तेव्हां तेथील माणसानें 'आज पांच फूट आहे' असें सांगितलें, तर समोर दहा फुटांची भिंत उभी राहील असें समजावें. परक्या पाहुण्याची पुष्कळदां येथेंच फसगत होते.

वरच्या इयत्तेंत तीन नांवें प्रमुख आहेत : सनसेट, पाइपलाइन व वायमेआ. सनसेटला लाट कोठें उठेल याचा नेम नसतो आणि प्रवाह माणसाला बाहेर समुद्रांत ओढून नेतो. पाइपलाइनचा चेंगट रसिकाला सुद्धां मोह पडावा अशी ती सुंदर, पोकळ, नळासारखी लाट. परंतु तिच्याखालीं अवघ्या कांहीं फुटांवर लाव्हाचा खडक आहे व त्यांत कपारी आहेत. या लाटेवर पहिली स्वारी १९६१ सालीं फिल एडवर्ड्स यानें केली असें मानण्यांत येतें. तेव्हांपासून आजवर जगांतील निवडक खेळाडूंपैकींही कांहींजण तेथें प्राणास मुकले आहेत. वायमेआचें आखात खोल असल्यामुळें इतर ठिकाणीं समुद्र हाताबाहेर गेला, म्हणजे तेथील खरी लाट उभी राहते.

परंतु नवशिक्याला या तिन्हींहून अधिक धोका एका निराळ्याच ठिकाणीं आहे. बेटाच्या आग्नेय टोंकास सँडी बीच नांवाचा किनारा आहे. नांवाप्रमाणें तेथें सुंदर वाळू आहे, रस्ता जवळ आहे, आणि लाट तर अगदीं पायांशीं फुटते. पाहणाराला वाटावें, खडक नाहीं, खोल पाणी नाहीं, मग भीति कसली? वस्तुतः तळ एकदम चढत असल्यामुळें ती लाट माणसाला उचलून हातभर पाण्यांतील घट्ट वाळूवर डोक्यावर आपटते. मान व पाठीचा कणा यांना येथें झालेल्या दुखापतींमुळें हा किनारा कुप्रसिद्ध आहे. पाइपलाइनकडे पाहून माणूस आपोआप मागें सरतो. सँडी बीचची लाट त्याला पुढें बोलावते. जी लाट भय दाखविते तिच्यापेक्षां जी दाखवीत नाहीं तिच्याविषयीं अधिक सावध असावें लागतें.

निष्णातांनाही हा नियम चुकत नाहीं, हें एका घटनेवरून स्पष्ट होईल. १९४३ सालच्या डिसेंबर महिन्यांत वुडी ब्राउन व डिकी क्रॉस हे दोघे सनसेटच्या लाटांवर खेळावयास गेले. ब्राउन हा तिशींतला, विमानविद्येचा जाणकार; क्रॉस हा अवघा सतरा-अठरा वर्षांचा, परंतु तयारीचा तरुण. ते पाण्यांत उतरले तेव्हां समुद्र त्यांच्या आवांक्यांतला होता. पाहतां पाहतां लाटा वाढत गेल्या आणि किनाऱ्यास परतण्याची वाट बंद झाली. तेव्हां दोघांनीं असा विचार केला कीं, सुमारें तीन मैलांवर वायमेआचें आखात आहे, तेथील पाणी खोल आहे, तेथें लाट फुटत नसेल. तेव्हां फळ्या वल्हवीत तेथवर जावें व तेथून किनारा गांठावा. हिशेब वरवर पाहतां चुकीचा नव्हता. पण त्या दिवशींच्या लाटा इतक्या मोठ्या होत्या कीं, वायमेआचें आखातही या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फुटत होतें. संध्याकाळ होत आली होती. एका प्रचंड लाटेनें फळ्या हिरावून नेल्या. ब्राउन कसाबसा लाटांबरोबर फेंकला जाऊन वाळूवर येऊन पडला. क्रॉस परत आला नाहीं. त्याचा देहही सांपडला नाहीं.

या दोघांना पोहतां येत नव्हतें असें नाहीं, लाट चढतां येत नव्हती असेंही नाहीं. उतरतांनाचा किनारा त्यांनीं पारखला होता. परंतु दोन-तीन तासांनीं परततांना तो कसा असेल, हें त्यांना कळलें नाहीं. आज वादळांचे अंदाज आधीं कळतात, पायाला बांधावयाची दोरी असते, किनाऱ्यावर जीवरक्षक असतात. त्यांपैकीं एकही साधन त्या दोघांपाशीं नव्हतें. त्या मृत्यूची दहशत एवढी बसली कीं, पुढें १९५७ सालापर्यंत वायमेआच्या मोठ्या लाटांच्या वाटेस कोणी गेलें नाहीं. त्या सालच्या नोव्हेंबरांत ग्रेग नॉल व त्याच्या सोबत्यांनीं ती दहशत मोडली.

म्हणून तेथील जाणते लोक जो परिपाठ सांगतात, तो अगदीं साधा आहे. किनाऱ्यावर पोंचतांच पाण्यांत धांव घेऊं नये; अर्धा तास नुसतें पाहत बसावें. मोठ्या लाटा एकसारख्या येत नाहींत, त्या मधून मधून जथ्यानें येतात. पहिल्या पांच मिनिटांत समुद्र शांत दिसला, तर तो दोन जथ्यांच्या मधला विसांवा असूं शकतो. आपल्या तोडीचे लोक पाण्यांत आहेत काय, ते कोठून शिरतात व कोठून बाहेर येतात, हें पाहावें. फुटत्या लाटांच्या मधून एखादा शांत, गढूळ पट्टा समुद्राकडे जातांना दिसला, तर ती सोयीची वाट नसून बाहेर ओढणारा प्रवाह आहे हें ओळखावें. त्यांत सांपडल्यास उलट झगडत न बसतां किनाऱ्याला समांतर पोहून त्याच्या बाहेर पडावें. जीवरक्षकाला विचारण्यांत कमीपणा मानूं नये. आणि मनांत शंका असेल, तर उतरूंच नये. हवाईच्या किनाऱ्यांवर हा शेवटचा नियम लहान मुलांनाही पाठ असतो.

वायमेआचे नांव निघालें कीं, एडी आयकाऊ याचें स्मरण होतेंच. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो उत्तर किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून नेमला गेला. त्याच्या पाहऱ्यांत वायमेआला एकही माणूस दगावला नाहीं, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. १९७८ च्या मार्चमध्यें 'होकुलेआ' नांवाची जुन्या धर्तीची होडी भर समुद्रांत उलटली, तेव्हां सोबत्यांसाठीं मदत आणावयास तो आपली फळी घेऊन एकटाच निघाला. सोबती वांचले, एडी परत आला नाहीं. त्याच्या स्मरणार्थ वायमेआला एक सामना ठरविलेला आहे. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, लाटेची समोरची उंची सुमारें चाळीस फुटांवर गेल्यावांचून तो भरतच नाहीं. जगांतील उत्तमोत्तम खेळाडू हिंवाळेच्या हिंवाळे वाट पाहतात आणि लाट न आल्यास निमूटपणें थांबतात. २०१६ नंतर हा सामना एकदम २०२३ च्या जानेवारींत भरला.

त्या दिवशीं जो पहिला आला, त्याचें नांव ल्यूक शेपर्डसन. तो उत्तर किनाऱ्यावरचा जीवरक्षक होता आणि त्या दिवशीं त्याची नोकरीची पाळी होती. मधल्या सुटींत तो लाटेवर जाई आणि सुटी संपतांच पुन्हां आपल्या मचाणावर येऊन पाहऱ्यास बसे. नांवाजलेले खेळाडू दूरदूरच्या देशांतून तेथें आले होते; परंतु तो किनारा रोज, बाराही महिने, समुद्र शांत असतांना आणि खवळला असतांना डोळ्यांत तेल घालून पाहत बसणें, हें ज्याचें काम, त्याच्याच गळ्यांत त्या दिवशीं माळ पडली.